‘आपली मूल्ये कोणती?’ हे पोर्तुगीजमध्ये कसे विचारावे

प्रश्न : आमच्या मुलीचे लग्न पोर्तो येथील एका मुलाशी ठरले आहे आणि पुढच्या महिन्यात त्याचे आईवडील पुण्याला येणार आहेत. मी वर्षभर पोर्तुगीज शिकत आहे. आयुष्यात ते कोणती मूल्ये मानतात, हे त्यांना त्यांच्याच भाषेत विचारावे, अशी इच्छा आहे. भाषांतराच्या ॲपने ‘क्वाइश सांव उश सेउश वालोरश?’ असे वाक्य दिले. ते चालेल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण व्याह्यांसमोर ते उच्चारू नये, असे मी सुचवीन. ‘वालोर’ हा शब्द आपल्या ‘मूल्य’सारखाच नीतीतही चालतो आणि पैशातही. शेअर बाजाराला पोर्तुगीजमध्ये ‘बोल्सा द वालोरश’ म्हणतात, आणि ब्राझीलमध्ये तर शिकवणीची फी किंवा खोलीचे भाडे विचारतानाही ‘वालोरिस’ किती, असेच विचारतात. पाहुण्यांना तुमचा रोख समजेल, यात शंका नाही. तरी मुलीच्या वडिलांनी मुलाकडच्यांना असे विचारणे आपल्याच कानाला देण्याघेण्याच्या बोलण्यांसारखे लागेल. (पोर्तुगीजांकडून मराठीने ‘पगार’ आणि ‘लिलाव’ हे शब्द घेतले, हेही या निमित्ताने आठवते.) ‘वालोरश पसुआइश’, म्हणजे वैयक्तिक मूल्ये, असे म्हटले की संदिग्धता जाते, पण मग नोकरीची मुलाखत सुरू झाल्यासारखे वाटते.

दुसरी अडचण इतिहासाची आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत ‘देव, मातृभूमी, कुटुंब’ ही घोषणा शाळांपर्यंत पोहोचली होती; 1938 मध्ये प्राथमिक शाळांसाठी काढलेल्या भित्तिचित्रांच्या मालिकेत ती ‘राष्ट्रीय शिक्षणाची त्रयी’ म्हणून छापलेली होती. 25 एप्रिल 1974 च्या क्रांतीने ती राजवट संपवली, पण जे त्या काळात वाढले, त्यांच्यापैकी अनेकांना ‘परंपरा आणि कुटुंबाची मूल्ये’ या शब्दांत अजूनही राजकारण ऐकू येते. तुमच्या मनात नसलेला प्रश्न त्यांनी ऐकावा, हे टाळलेले बरे.

खरे पाहता आपणही कोणाच्या घरी जाऊन ‘तुमची मूल्ये कोणती’ असे विचारत नाही. आपण घरच्या संस्कारांविषयी बोलतो. या ‘संस्कार’ शब्दाच्या सर्वांत जवळ जाणारा पोर्तुगीज शब्द ‘इदुकसांव’ हा आहे. त्याचा अर्थ शिक्षण असा होतोच, पण ‘फाल्त द इदुकसांव’ म्हणजे शिक्षणाचा अभाव नव्हे, तर रीतभात नसणे. भरपूर शिकलेल्या माणसालाही हे दूषण लागू शकते. म्हणून जेवण झाल्यावर, कॉफी घेता घेता, मुलाच्या आईला विचारावे : ‘ला एं काझा, उ क ए क एरा फाल्त द इदुकसांव?’ म्हणजे, तुमच्या घरी कोणती गोष्ट असभ्य समजली जाई? या प्रश्नावर माणसे व्याख्या देत बसत नाहीत, किस्से सांगतात, आणि त्या किस्स्यांतून तुम्हाला हवे ते आपोआप कळते. उत्तरात ‘पलाव्रा’ हा शब्द आला, तर कान टवकारावेत, कारण ‘शब्द देणे’ हा वाक्प्रचार त्यांच्याकडेही जसाच्या तसा आहे आणि ‘पसोआ द पलाव्रा’ म्हणजे दिल्या शब्दाला जागणारा माणूस.

संबोधनाबाबत मात्र ॲपवर विसंबू नये. ब्राझीलमध्ये ‘वोसे’ हे रोजचे सर्वनाम आहे, पण पोर्तुगालमध्ये वडीलधाऱ्या व्यक्तीला ते तोंडावर म्हणणे अनेकांना खटकते. तेथे ‘उ सन्योर’, ‘अ सन्योरा’ असे म्हणावे, किंवा बाईंच्या नावाआधी ‘दोना’ लावून क्रियापद तृतीय पुरुषात ठेवावे. आपण ‘काकूंना काय वाटते?’ असे काकूंनाच विचारतो, तसाच हा प्रकार आहे.

पुढे धीर आला, तर ‘उ क ए क उश सेउश पाइश ल्य एन्सिनारांव?’, म्हणजे ‘आपल्या आईवडिलांनी आपल्याला काय शिकवले?’, हेही विचारता येईल. त्यातला ‘पाइश’ एका झटक्यात म्हणावा आणि जोर ‘पा’वर द्यावा. जोर शेवटी गेला, तर ‘पईश’ म्हणजे ‘देश’ ऐकू येईल, आणि देशाने काय शिकवले, हा विषय त्या पिढीशी पहिल्याच भेटीत काढण्यासारखा नाही.