आजारी पडून घरी बसावं लागलं तर हप्ते कसे भागवायचे: एनएचएसमध्ये येण्याआधीचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला आयसीयूत सहा वर्षं काम केलंय, आता इंग्लंडमधल्या एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा) ट्रस्टची बँड ५ ची, म्हणजे सुरुवातीच्या पगारश्रेणीची, नर्सची ऑफर हातात आहे. मागे शिक्षणकर्जाचा १८,००० आणि वडिलांसोबत घेतलेल्या घरकर्जाचा २२,००० रुपये हप्ता. तिकडे कामाच्या ताणाने आजारी पडून काही महिने घरी बसावं लागलं, तर पगार, व्हिसा आणि हप्ते यांचं काय?

आधी पगार, कारण सगळी गणितं तिथूनच सुटतात किंवा अडतात. एनएचएसमध्ये आजारपणाची पगारी रजा नोकरीच्या वर्षांवर मिळते. पहिल्या वर्षात एक महिना पूर्ण पगार आणि दोन महिने अर्धा. दुसऱ्या वर्षात दोन आणि दोन, तिसऱ्यात चार आणि चार, चौथ्या-पाचव्यात पाच आणि पाच, त्यापुढे सहा आणि सहा. भारतातली नोकरी यात आपोआप धरली जात नाही, पण बाहेरचा संबंधित अनुभव मोजायचा की नाही हे ठरवण्याची मुभा ट्रस्टला असते. म्हणून ऑफर स्वीकारण्याआधी एचआरला मेल करून विचारा की तुमची सहा वर्षं आजारपणाच्या रजेसाठी मोजणार का. 'हो' आलं तर ते लेखी घ्या. तोंडी 'हो' वर्षभराने कुणाला आठवत नाही. खासगी केअर होमची ऑफर असती तर बहुतेक ठिकाणी यातलं काहीच नाही, फक्त कायद्याने द्यावा लागणारा सिक पे.

हा कायद्याचा सिक पे म्हणजे एसएसपी. एप्रिल २०२६ पासून तो आठवड्याला १२३.२५ पौंड आहे (ज्यांची कमाईच कमी त्यांना कमाईच्या ८० टक्के) आणि जास्तीत जास्त २८ आठवडे मिळतो. पूर्वी पहिले तीन दिवस बिनपगारी जायचे, ती अट आता गेली. महिन्याला धरले तर हे ५३४ पौंड होतात.

आता आकडे मांडून बघू. २०२५-२६ ची बँड ५ ची सुरुवात वर्षाला ३१,०४९ पौंड होती. कर, नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विम्याची वर्गणी) आणि पेन्शन कापून महिन्याला हातात १,९८० च्या आसपास. लंडनबाहेर बिलांसकट खोलीला ६००, किराण्याला १८०, बसला ७०, फोन आणि किरकोळ ३० असा खर्च धरला तर ८८०. भारतातले ४०,००० रुपये, पौंड ११५ रुपयांचा धरून, साधारण ३५०. बेरीज १,२३०. पूर्ण पगारात हे आरामात बसतं. अर्धा पगार सुरू झाला की त्यात एसएसपी मिळून हातात साधारण १,४५० ते १,५०० येतात, म्हणजे अजून चालतं, शिल्लक मात्र फारशी राहत नाही. चौथ्या महिन्यापासून उरतात फक्त ५३४. त्यात खोलीचं भाडंही पूर्ण निघत नाही, हप्ता दूरच. आणि साडेसहा महिन्यांनी तेही बंद. पहिल्याच वर्षी आजारी पडणाऱ्याचा खरा खड्डा हा चौथ्या महिन्याचा आहे. बरेच जण 'एनएचएसमध्ये सिक पे चांगला असतो' एवढंच ऐकून येतात. तो चांगला असतो, पण जुन्या माणसाला.

याला आणखी एक बारीक फाटा आहे. इंग्लंडमध्ये नव्याने रुजू झालेल्यांना आजारपणात मूळ पगारच मिळतो. रात्रपाळी-रविवारचा जादा दर आणि बँक शिफ्टचे (स्वखुशीने घेतलेल्या जादा पाळ्यांचे) पैसे बंद होतात. त्यामुळे बँक शिफ्ट धरून बजेट बसवलेलं असेल, तर 'पूर्ण पगारा'च्या महिन्यातच तूट दिसायला लागते. हप्ते, गाडीचं कर्ज, भाडं हे सगळं मूळ पगारावर बेतायचं आणि बँक शिफ्टचे पैसे वेगळ्या खात्यात टाकायचे.

कागदांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पैसे आणि व्हिसा दोन्ही त्यावरच अडतात. पहिले सात दिवस, साप्ताहिक सुट्ट्या धरून, तुम्ही स्वतःच लिहून द्यायचं असतं. आठव्या दिवसापासून फिट नोट (आजारपणाचा वैद्यकीय दाखला) लागते. ती जीपी (तुमचा नेहमीचा फॅमिली डॉक्टर) देतोच, पण जुलै २०२२ पासून नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टही देऊ शकतात. फिट नोटवर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं असतं. घोळ होतो तो दोन नोटांच्या मध्ये. पहिली १४ तारखेला संपली आणि दुसरी १७ पासून सुरू झाली, तर मधले दोन दिवस कुठल्याच कागदात नाहीत. म्हणून नोट संपायच्या चार-पाच दिवस आधीच जीपीच्या दवाखान्यात फोन करा, आणि नवी नोट आदल्या नोटेच्या पुढच्याच तारखेपासून आहे ना, हे वाचून मगच मॅनेजरला पाठवा. जीपीकडे नोंदणी उतरल्याच्या पहिल्या आठवड्यात करून टाका. आजारी पडल्यावर नोंदणीचा फॉर्म भरत बसायची ताकद राहत नाही.

व्हिसाची भीती सर्वांना असते, आणि ती बरीचशी गैरसमजातली आहे. नोकरी देणाऱ्याच्या प्रायोजकत्वावर (स्पॉन्सरशिप) व्हिसा असलेल्या कामगाराने वर्षात चार आठवड्यांपेक्षा जास्त बिनपगारी रजा घेतली तर प्रायोजकत्व थांबवावं लागतं, हा नियम खरा आहे. पण आजारपणाची रजा त्यातून वगळली आहे. धोका वेगळ्या ठिकाणी आहे. परवानगीशिवाय सलग दहापेक्षा जास्त कामाचे दिवस गैरहजर राहिलात तर नोकरी देणाऱ्याला होम ऑफिसला (व्हिसा बघणाऱ्या ब्रिटिश खात्याला) कळवावं लागतं. फिट नोट वेळेवर गेली नाही की आजारी माणूस कागदोपत्री पळून गेलेला ठरू शकतो. फोन उचलायची इच्छा नसेल तर निदान नोटेचा फोटो मेलने जाऊ द्या. कामावर परतताना कमी तासांनी सुरुवात करायची असेल, तर ऑक्युपेशनल हेल्थचा (कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विभागाचा) अहवाल हातात असू द्या. त्या आधारावर तास आणि पगार तात्पुरते कमी होणं व्हिसाच्या नियमांत बसतं, ताशी दर खाली न जाता. मॅनेजरशी परस्पर तोंडी ठरवून तास कमी करू नका.

रजेवर असताना रोखीत डिलिव्हरी किंवा एजन्सीची शिफ्ट करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. सिक पे जातो, व्हिसा धोक्यात येतो आणि नर्सिंगच्या नोंदणीपर्यंतही प्रकरण जाऊ शकतं.

सरकारी मदतीचं म्हणाल तर तुमच्या व्हिसावर 'सार्वजनिक निधी नाही' अशी अट असते. युनिव्हर्सल क्रेडिट, हाउसिंग बेनिफिट, कौन्सिल टॅक्स रिडक्शन (स्थानिक घरकरातली सरकारी सवलत) याला हात लावायचा नाही. एसएसपी मात्र सार्वजनिक निधी नाही, तो तुमचा हक्क आहे. एकट्या राहणाऱ्याला कौन्सिल टॅक्समध्ये २५ टक्के सूट मिळते, तीही चालते. नाव सारखं वाटतं म्हणून लोक घाबरून ती सोडून देतात. नर्सेससाठीच्या धर्मादाय संस्थांची मदत, उदाहरणार्थ केव्हेल किंवा आरसीएन फाउंडेशन, हीसुद्धा सार्वजनिक निधी नव्हे. एसएसपी संपल्यावरचा न्यू स्टाइल ईएसए (आजारपणाचा सरकारी भत्ता) नॅशनल इन्शुरन्सच्या वर्गणीवर मिळतो आणि तोही निषिद्ध नाही, पण मागच्या दोन पूर्ण करवर्षांची वर्गणी लागते, त्यामुळे नव्या माणसाला बहुधा लागू होत नाही.

हप्ते आणि बिलं पूर्ण भरता येत नाहीत अशी वेळ आली, तर क्रम ठरवताना एकच कसोटी लावा: न भरल्यास काय जाईल? ज्याने छप्पर, वीज किंवा नोकरी जाते ते आधी. म्हणजे भाडं, कौन्सिल टॅक्स, वीज-गॅस. नर्ससाठी मी एनएमसीची (नर्सची नोंदणी ठेवणारी ब्रिटनची परिषद) वार्षिक फीही यातच धरते. ती चुकली की नोंदणी रद्द होते आणि परत मिळेपर्यंत बरं होऊनही कामावर जाता येत नाही. फी तिमाही डायरेक्ट डेबिटने भरता येते, तसं करून ठेवा. क्रेडिट कार्ड, ओव्हरड्राफ्ट, खासगी कर्ज, फोनचे हप्ते हे मागे. गंमत अशी की सगळ्यात जास्त फोन याच लोकांचे येतात, आणि माणूस घाबरून आधी कार्डवाल्याला देतो, मग भाडं थकतं.

कौन्सिल टॅक्स दिसतो साधा, पण चिघळतो लवकर. वर्षाची रक्कम सहसा एप्रिल ते जानेवारी अशी दहा हप्त्यांत असते. एक हप्ता चुकला की स्मरणपत्र येतं, सात दिवस मिळतात. त्यातही भरलं नाही तर हप्त्याची सवलत जाऊन उरलेल्या वर्षाची सगळी रक्कम एकदम देय होते, मग कोर्टाचा लायबिलिटी ऑर्डर (वसुलीचा आदेश) आणि त्यानंतर बेलिफ (वसुली अधिकारी). पहिलं पत्र आल्याबरोबर कौन्सिलला कळवलं तर हप्ते पुन्हा बांधून मिळतात. घरमालक खोल्या वेगवेगळ्या भाड्याने देत असेल, तर अशा सामायिक घरात कौन्सिल टॅक्स सहसा मालकाचा असतो. करारावर ते आहे का, सही करण्याआधी बघा.

कार्डवाल्यांना तोंडी आश्वासन देऊ नका. स्टेपचेंज किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या धर्मादाय संस्थांचा सल्ला फुकट असतो. पैसे घेऊन कर्ज 'मिटवून' देणाऱ्यांकडे जायची गरज नाही. या संस्था तुमच्या जमाखर्चाचा तक्ता करून देतात आणि त्याच्या आधारे महिन्याला अगदी एक पौंडसुद्धा नाममात्र हप्ता सुचवता येतो. त्यांच्यामार्फतच इंग्लंड-वेल्समध्ये ब्रीदिंग स्पेस मिळते. ही योजना मे २०२१ पासून आहे. साठ दिवस व्याज, दंड आणि वसुली थांबते, पण चालू भाडं आणि बिलं भरावीच लागतात, आणि वर्षातून एकदाच घेता येते. मानसिक आरोग्याच्या तीव्र संकटासाठी उपचार चालू असतील तर त्याचा वेगळा प्रकार आहे. तो उपचार संपून आणखी तीस दिवसांपर्यंत चालतो.

कर्ज हाताबाहेरच गेलं तर डेट रिलीफ ऑर्डर (कर्जातून सुटका देणारा सरकारी आदेश) हा मार्ग सुचवला जाईल: कर्ज ५०,००० पौंडांपर्यंत, मालमत्ता २,००० पर्यंत. यात एक अट आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. मालमत्ता जगातली सगळी सांगावी लागते. सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल, किंवा नाशिकच्या फ्लॅटमध्ये हिस्सा असेल, तर तोही आला.

आणखी एक काम, पाच मिनिटांचं. पगार ज्या बँकेत येतो त्याच बँकेचं कार्ड किंवा कर्ज घेऊ नका. थकबाकी झाली तर बँक तुमच्या चालू खात्यातून परस्पर वळती करू शकते. आधीच घेतलं असेल तर आजारी पडल्यावर पगार दुसऱ्या बँकेत वळवा.

इथवर सगळं ब्रिटनचं. भारतातली बँक यातल्या कशालाही बांधील नाही, आणि म्हणूनच तुमच्या बाबतीत ४०,००० रुपयांचा हप्ता हा खरा नाजूक भाग आहे. ब्रिटनमधला हप्ता थकला तर त्रास तुम्हाला. भारतातला थकला तर घरी येणारा माणूस वडिलांना भेटणार, कारण घरकर्जात ते सहकर्जदार आहेत. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए (बुडीत कर्ज) ठरतं, घरकर्ज असेल तर पुढे ६० दिवसांची नोटीस निघू शकते. बोलायचं असेल तर पहिला हप्ता चुकायच्या आधी शाखेत अर्ज द्यायचा: मुदत वाढवून हप्ता कमी करून मागायचा, सोबत फिट नोट आणि पगार कमी झाल्याच्या पेस्लिप. ९० दिवस उलटल्यावर तोच मॅनेजर तेवढा मोकळा राहत नाही.

निघण्याआधी दोन गोष्टी करा. बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं खातं) करून घ्या आणि हप्त्याची वजावट नव्या खात्यातून नीट लागते ना, हे एका हप्त्यापुरतं तपासा. बरेच हप्ते पैशांअभावी नाही, खातं बदलताना बाउन्स होतात. दुसरं, सहा हप्त्यांचे २,४०,००० रुपये त्याच खात्यात वेगळे ठेवा. एवढे नसतील तर तीन ठेवा आणि पहिल्या वर्षाच्या बँक शिफ्टमधून बाकी भरा. पतपेढीचं कर्ज किंवा कुणाला जामीन राहिला असाल तर तेही आताच मोकळं करा, लांबून ते निस्तरत नाही.

पगार घटल्यावर पेस्लिपवर टॅक्स कोड बघा. १२५७एल नुसता असेल तर आधी जास्त कापलेला कर आपोआप परत येतो. पुढे एम१ असेल तर येत नाही. एचएमआरसीला (ब्रिटनच्या करखात्याला) सांगून बदलून घ्या. पूर्ण पगार संपून अर्धा सुरू होतो तेव्हा साठलेली वार्षिक रजा मागता येते. आजारपणातही ती साठत राहते आणि तिचा पगार पूर्ण मिळतो, त्यामुळे चौथ्या महिन्याचा खड्डा थोडा पुढे ढकलता येतो.

शेवटी ऑफर लेटरमधलं परतफेडीचं कलम. दोन-तीन वर्षांच्या आत सोडलं तर विमान, परीक्षा, प्रशिक्षणाचा खर्च परत मागतात. रक्कम दर महिन्याला घटत जाते का, आणि आजारपणामुळे सोडावं लागलं तर माफ होते का, हे दोन प्रश्न एचआरला त्याच मेलमध्ये विचारा. प्रायोजकत्वाच्या प्रमाणपत्राची आणि परवान्याची फी मात्र ३१ डिसेंबर २०२४ पासून तुमच्याकडून घेता येत नाही. कलमात ती दिसली तर सही करण्याआधी काढायला सांगा.