क्लोप खेळाडू म्हणून होता तरी कोण?

प्रश्न : घरात रोजची भांडणं आहेत. मुलगा फुटबॉलमधला लिव्हरपूलवाला, त्याला त्यांचा माजी कोच युर्गन क्लोप म्हणजे देव. मी जर्मनीच्या बेकनबाउअरच्या जमान्यातला, ज्याने १९७४ ला कॅप्टन म्हणून आणि १९९० ला कोच म्हणून वर्ल्ड कप जिंकला. या क्लोपने स्वतः काय दिवे लावले होते?
– एक बाप, नाशिक

उत्तर : काका, खेळाडू म्हणून विचाराल तर फार काही नाही, इथे तुम्ही जिंकलात. १९९० ला जर्मनीतल्या माइन्झ क्लबात आला तो ११ वर्षं तिथेच राहिला, लीगच्या ३२५ मॅच आणि ५२ गोल, आणि ते सगळं सेकंड डिव्हिजनमध्ये, बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, खेळाडू म्हणून एक मिनिटही नाही. सुरुवातीला स्ट्रायकर होता, १९९१ ला एरफुर्टविरुद्ध एकाच मॅचमध्ये ४ गोल ठोकले, लोकांना वाटलं आता हा मोठ्या क्लबात जाणार, पण कसलं काय, नंतर तर साहेब डिफेन्समध्ये गेले.

पण मुलाला हरवायची घाई करू नका. हा माणूस खेळता खेळता फ्रँकफुर्ट युनिव्हर्सिटीत स्पोर्ट्स सायन्स शिकत होता, १९९५ ला डिप्लोमा घेतला, आणि प्रबंधाचा विषय काय तर चालण्याचा व्यायाम! ज्याच्या टीमा पुढे नव्वद मिनिटं पळून समोरच्याचा जीव काढणार होत्या त्याने अभ्यास केला चालण्यावर, मला हे वाचून जाम हसू आलेलं.

त्याच वर्षी माइन्झला वोल्फगांग फ्रँक नावाचा कोच आला. तेव्हा जर्मनीत सर्रास मॅन टू मॅन मार्किंग आणि मागे एक लिबेरो, म्हणजे कोणाला न चिकटता मोकळा फिरणारा डिफेंडर, असायचा, ती पद्धत गाजवली तुमच्याच बेकनबाउअरने. फ्रँकने लिबेरो काढून टाकला, मागे चौघांची लाइन, प्रत्येकाने माणूस नाही तर जागा सांभाळायची, आणि त्यासाठी पोरांना इटालियन कोच अरिगो साक्कीच्या मिलान टीमचे व्हिडिओ दाखवून दाखवून पिडलं. भारी खेळाडू नसले तरी पद्धतीच्या जोरावर मॅच काढता येते हे क्लोपला तिथे कळलं, आणि त्याला कळणारच ना, कारण तो स्वतः त्या भारी नसलेल्यांपैकी होता.

मग फेब्रुवारी २००१, माइन्झ सेकंड डिव्हिजनमधूनही खाली घसरायच्या बेतात, कोचला काढलं, आणि क्लबचा कारभार बघणाऱ्या क्रिस्टियान हायडेलने सरळ टीममधल्या क्लोपलाच सांगितलं की आता तू सांभाळ. काल ज्यांच्यासोबत ड्रेसिंग रूममध्ये बूट घालत होता त्यांचाच आज बॉस! पहिल्या ७ मधल्या ६ मॅच जिंकल्या, टीम वाचली.

खरी गंमत पुढे आहे, गंमत कसली, रडू येईल. २००२ ला शेवटच्या दिवशी हरून बुंडेसलिगात जायची बढती हुकली. २००३ ला शेवटची मॅच ४-१ जिंकली, पण तिकडे बढतीच्या शर्यतीतल्या फ्रँकफुर्ट क्लबने इंज्युरी टाइममध्ये सहावा गोल मारला आणि पॉइंट सारखे असूनही माइन्झ फक्त एका गोलच्या फरकाने परत मागे. दुसरा कोणी असता तर गाशा गुंडाळला असता. २००४ ला एकदाचे वर गेले, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा बुंडेसलिगा. २००७ ला परत खाली आले तरी हा तिथेच थांबला, २००८ ला बढती हुकली तेव्हा कुठे क्लब सोडला.

पुढे कोच म्हणून डॉर्टमुंड (२०११, २०१२ जर्मन लीग), लिव्हरपूल (२०१९ चॅम्पियन्स लीग, २०२० ला ३० वर्षांनी इंग्लिश लीग) हे सगळं तुमच्या मुलाला पाठ असेलच, ते मी काय सांगणार.

प्रश्न : क्लोपच्या हाताखाली तयार झालेलं कोणी आपल्याकडे खेळलंय का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : हो, आणि तुमच्या जवळच. जर्मन डिफेंडर मानुएल फ्रीडरिश. माइन्झमध्ये आधी क्लोपसोबत खेळला, नंतर त्याच्या हाताखाली. पुढे २०१३ ला डॉर्टमुंडचे डिफेंडर जखमी झाले तेव्हा क्लबच नसलेल्या फ्रीडरिशला क्लोपनेच बोलावून घेतलं, चौतिशीत. आणि २०१४ ला आयएसएलच्या, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगच्या, पहिल्या सीझनमध्ये हा गडी मुंबई सिटीकडून खेळला, घरच्या मॅच नेरुळच्या डी. वाय. पाटीलवर. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडली असतीत तरी पोचला असतात.