काव्यशंका: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्या गझलेत प्रत्येक शेराला, म्हणजे दोन ओळींच्या कडव्याला, यमक आहे, तरी ‘ही गझल नव्हे’ असा शेरा मिळाला. याच आशयाचा अभंग केला तर काय बदलेल?

उत्तर: तुमचे काफिये, म्हणजे यमकाचे शब्द, ‘वाट’, ‘लाट’, ‘पोट’ आणि रदीफ, म्हणजे त्यांच्यामागून तसाच परत येणारा शब्द, ‘आहे’. घोटाळा ‘पोट’मध्ये आहे. शेवटचा ‘ट’ जुळतो, पण त्याआधीचा ‘आ’ स्वर, म्हणजे अलामत, बदलतो. मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, ठरलेली अलामत शेवटपर्यंत पाळावीच लागते. ‘काठ’ही नको, कारण त्यात ‘ट’ नाही; ‘घाट’ चालेल. शिवाय मात्रा मोजताना ‘सत्य’च्या तीन होतात, कारण ‘स’वर आघात येऊन तो गुरू, म्हणजे दोन मात्रांचा, होतो; ‘तुझ्या’तल्या ‘तु’वर आघात नाही, म्हणून तो लघू, म्हणजे एका मात्रेचाच, राहतो. नवशिके हमखास अडखळतात ते इथेच.

अभंगात मात्रा नाहीत, अक्षरे मोजायची. जोडाक्षर एकच धरायचे. ‘मोठा अभंग’ या प्रकारात चरण ६, ६, ६, ४ अक्षरांचे असतात आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्याचे:

आभाळात आले / पावसाचे ढग / जिवा तगमग / होत असे

शेवटी दोन अक्षरे कमी पडतात, तिथे आवाज आपोआप थांबतो. म्हणून कबुली, विनवणी अभंगात शोभते. गझलेचा शेर पहिल्या ओळीत उत्सुकता ताणतो आणि काफियाला ती सोडतो. प्रत्येक शेर स्वतंत्र. तुमचा मजकूर एकाच प्रसंगाची सलग हकिगत आहे. तो पाच शेरांत तुटेल, अभंगातच लिहा.