कोलिस्टिन, डॅप्टोमायसिन आणि बागेतलं बॅसिलस: वाचकांचे प्रश्न

या वेळचे प्रश्न लिपोपेप्टाइडांबद्दल आहेत. अमिनो आम्लांची छोटी साखळी, बहुधा कड्यासारखी वळलेली, आणि तिला मेदाम्लाची शेपटी. मातीतले जिवाणू हे रेणू तयार करतात आणि आपण त्यांची औषधं करतो.

सासरे आयसीयूत आहेत. कोलिस्टिन सुरू केलंय आणि रोज क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला घटक) तपासतात. किडनीला एवढा त्रास देणारं औषध मुळात द्यायचंच कशाला? (पुणे)

कल्चर रिपोर्टमध्ये बाकीच्या औषधांपुढे बहुधा 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे जिवाणू त्या औषधाला दाद देत नाही) लागलेला असेल, म्हणून. कोलिस्टिन नवं नाही. १९४९ मध्ये ते जपानमध्ये सापडलं, आणि पुढे १९७०च्या दशकात डॉक्टरांनी किडनीच्याच भीतीने ते जवळपास बाजूला ठेवलं. क्लेबसिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर हे ग्राम-निगेटिव्ह जिवाणू मेरोपेनेमसारख्या जबर अँटिबायोटिकलाही दाद देईनासे झाले, तेव्हा त्याला परत बोलवावं लागलं.

ग्राम-निगेटिव्ह जिवाणूला दोन पटलं असतात. बाहेरच्या पटलाच्या वरच्या थरात लिपोपॉलिसॅकराइडचे (मेद आणि शर्करा जोडून बनलेले) ऋणभारित रेणू दाटीने बसलेले असतात. त्यांनी एकमेकांना ढकलू नये म्हणून मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे आयन त्यांना, भिंतीतल्या चुन्यासारखे, धरून ठेवतात. कोलिस्टिनवर पाच धनभार असतात. ते या आयनांना हुसकून त्यांची जागा घेतं, मग त्याची शेपटी पटलात शिरते, थर सैल पडतो आणि पुढे आतलं पटलही गळू लागतं. बाहेरून आत येणाऱ्या या औषधाला पेशीतल्या एखाद्या एन्झाइमची वाट पाहावी लागत नाही.

किडनीचं म्हणाल तर रक्तातून गाळलं गेलेलं औषध मूत्रनलिकांच्या पेशी परत शोषून घेतात आणि ते तिथेच साठतं. रोजची तपासणी त्यासाठीच. वेळीच डोस बदलला किंवा औषध थांबवलं तर बऱ्याच रुग्णांची किडनी सावरते. लघवीचं प्रमाण किती आहे ते विचारत राहा. ओठांभोवती मुंग्या किंवा चक्कर असं सासरे सांगत असतील तर लगेच सिस्टरच्या कानावर घाला. मनाने औषध बंद करायला मात्र लावू नका.

आईच्या रक्तात एमआरएसए (अनेक अँटिबायोटिकांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस) निघाला तेव्हा डॅप्टोमायसिनने ती बरी झाली. पुढे त्याच जिवाणूचा न्यूमोनिया झाला, तर डॉक्टर म्हणाले हे चालणार नाही. जिवाणू तोच, मग औषध का नाही? (सांगली)

डॉक्टर बरोबर होते. डॅप्टोमायसिन कॅल्शियमच्या मदतीने फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल नावाचा मेद शोधतं, कारण स्टॅफिलोकॉकससारख्या जिवाणूंच्या पटलात तो भरपूर असतो. तिथे त्याचे रेणू गोळा झाले की पटलाचा विद्युतभार ढळतो, पोटॅशियम बाहेर वाहतं आणि पेशीभित्तीचं बांधकामही बिघडतं. आता अडचण अशी, की फुप्फुसांच्या वायुकोशांना आतून जो सर्फॅक्टंटचा (पृष्ठताण कमी करणाऱ्या द्रवाचा) थर असतो त्यातही हाच मेद असतो. औषध तिथेच अडकून पडतं, जिवाणूपर्यंत पोचत नाही.

या औषधाचा इतिहासही मजेशीर आहे. तुर्कस्तानातल्या अरारात पर्वतावरच्या मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून ते मिळालं. एली लिली कंपनीने दिवसातून दोनदा देऊन पाहिलं, पण स्नायूंना इजा दिसली म्हणून सोडून दिलं. क्युबिस्ट कंपनीने ते उचललं आणि दिवसातून एकदाच दिलं तेव्हा हा त्रास बराच कमी झाला. २००३ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. तरी उपचार चालू असताना दर आठवड्याला सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारं रक्तातलं एन्झाइम) तपासतातच, आणि कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.

बीएस्सीला आहे. पॉलिमिक्सिन स्टॅफिलोकॉकसवर आणि डॅप्टोमायसिन ई. कोलायवर का चालत नाही?

स्टॅफिलोकॉकसला लिपोपॉलिसॅकराइडच नाही, त्यामुळे पॉलिमिक्सिनला (कोलिस्टिन याच गटातलं) पकडायला काही मिळत नाही. ई. कोलायचं बाहेरचं पटल डॅप्टोमायसिनला आतल्या पटलापर्यंत जाऊ देत नाही. परीक्षेत एवढं लिहिलंत तरी पुरे.

द्राक्षबागेत बॅसिलस सबटिलिस फवारतो. दुकानदार म्हणतो, यात नैसर्गिक अँटिबायोटिक आहे. मग कोलिस्टिनसारखा याचाही माणसांना धोका आहे का? (नाशिक)

दुकानदाराचं बोलणं खोटं नाही, पण अर्धवट आहे. या जिवाणूचे वाण सर्फॅक्टिन, इट्युरिन, फेंगायसिन अशी लिपोपेप्टाइडं बनवतात. शेवटची दोन मुख्यतः बुरशीच्या पटलावर घाव घालतात. सर्फॅक्टिन तर साबणासारखंच वागतं. पाण्याचा पृष्ठताण ७२ वरून २७ मिलिन्यूटन प्रतिमीटरपर्यंत उतरवतं आणि रक्तपेशीही फोडतं, त्यामुळे त्याचं इंजेक्शन होण्याची शक्यता फारशी नाही.

कोलिस्टिनची गोष्ट वेगळी. ते कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात वर्षानुवर्षं घातलं गेलं. २०१५ मध्ये चीनमधून एमसीआर-१ जनुकाची बातमी आली. हे जनुक लिपोपॉलिसॅकराइडवर एक गट चिकटवून त्याचा ऋणभार कमी करतं, म्हणजे कोलिस्टिनची पकडच सुटते. शिवाय ते प्लास्मिडवर (डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर) बसून एका जिवाणूतून दुसऱ्यात जातं. भारताने २०१९ मध्ये खाद्यपशू, कुक्कुटपालन आणि मत्स्यपालनात कोलिस्टिनवर बंदी घातली. माझ्या मते ती उशिरा आली.

तुमच्या फवारणीचा या जनुकाशी संबंध नाही. फवारणी संध्याकाळी करा, उन्हात जिवाणू टिकत नाहीत, आणि ताम्रयुक्त बुरशीनाशक त्याच टाकीत ओतण्याआधी लेबल वाचा.