एकदा ‘नको’ म्हटलं की…

(बावीस वर्षं केबिन क्रू म्हणून उडून आता सहकारनगरात जमिनीवर स्थिरावलेल्या आमच्या स्तंभलेखिका वाचकांच्या विमानप्रवासाच्या शंकांना उत्तरं देतात.)

प्रश्न : लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मुलाने आम्हा दोघांना मुंबई-लंडन बिझनेस क्लासची तिकिटं काढून दिली. बसल्या बसल्या एक मुलगी ट्रे घेऊन आली. मी सवयीने ‘नो नो, थँक यू’ म्हटलं. त्यानंतर पलीकडच्या गोऱ्या गृहस्थाला चार वेळा वाइन, आणि मला कुणी साधं विचारलं नाही. शेवटी बेल दाबून व्हिस्की मागितली. ती देताना स्टुअर्ड हसून म्हणाला, ‘फर्स्ट टाइम, सर?’ हिने मला गप्प बसवलं, पण अजून ते डोक्यातून जात नाही. आपल्या माणसांना ही मंडळी कमी लेखतात का? तक्रार करावी का? आणि एका प्रवाशाला किती पेग मिळतात?
– निवृत्त बँक अधिकारी, कोथरूड

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा तुमच्या खुर्चीत बसून, एकदा गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, उभं राहून.

आधी गॅलीतलं सांगते. आमच्याकडे एक कागद असायचा, आसनांचा नकाशा. प्रत्येक चौकोनात प्रवाशाचं आडनाव, जेवण व्हेज की नॉनव्हेज, आणि पेय. कुणी नको म्हणालं की तिथे आडवी रेघ. कागद गॅलीत सगळ्यांना दिसेल असा चिकटवलेला, म्हणजे दुसरी मुलगी गेली तरी तिने झोपेला आलेल्या माणसाला पुन्हा तेच विचारू नये. तुमच्या चौकोनात ती रेघ पडली असणार आणि पलीकडच्या चौकोनात ‘रेड’. गंमत म्हणजे विमान जमिनीवर असताना फिरतो त्या ट्रेमध्ये आमच्याकडे सरबत, ज्यूस आणि पाणीच असायचं. दारूच्या कपाटांना सील असे, ते विमान उडाल्यावर तोडायचं. म्हणजे तुम्ही बहुधा लिंबू सरबताला नको म्हणालात आणि दारूला मुकलात.

आता तुमच्या ‘नो नो’बद्दल. आपल्याकडे पहिलं नको हे नको नसतंच. कुणाच्या घरी गेलं की चहा नको म्हणायचं, मग ‘अहो, अर्धा कप तरी’, मग ‘आत्ताच घेऊन आलो’, आणि तिसऱ्या आग्रहाला कप हातात. (पुण्यात पहिल्या नकारावरच ‘बरं’ म्हणणारी घरंही आहेत, पण तो वेगळा विषय.) क्रूला शिकवतात ते नेमकं उलटं : दारूचा आग्रह करायचा नाही. एकदा विचारायचं, नको म्हटलं की सोडून द्यायचं. तुम्ही दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसलात, आणि तिकडे तुमचं नाव न पिणाऱ्यांत गेलं होतं. पुढच्या वेळी ‘आत्ता नको, जेवणाआधी व्हिस्की चालेल’ एवढं म्हणा. रेघेऐवजी ‘व्हिस्की, नंतर’ असं लिहिलं जातं.

तरी सगळं खापर तुमच्यावर फोडणार नाही. आम्ही माणूस बघून अंदाज बांधतो, आणि तो अंदाज पुष्कळदा कपड्यांवरून, वयावरून, रंगावरून असतो. माझ्याच हातून झालेलं सांगते. सिंगापूरच्या विमानात खिडकीशी नऊवारीतल्या एक आजी होत्या. मी न विचारता त्यांच्यापुढे संत्र्याचा ज्यूस ठेवला आणि शेजारच्या मुलाला काय हवं ते विचारलं. आजी म्हणाल्या, ‘बाई, माझं मला विचार की.’ त्यांना ब्रँडी हवी होती, कोमट पाण्यातून. बाटली काढताना माझे कान तापले होते.

त्यामुळे ‘फर्स्ट टाइम, सर?’ मला खटकलं. खुर्ची आडवी कशी करायची ते दाखवताना विचारलं असतं तर हरकत नव्हती, नवख्या माणसाला मदतच होते. ग्लास पुढे करताना, हसून? तो कुजकटपणा. तक्रार जरूर करा. खरं तर तिथल्या तिथे पर्सरला, म्हणजे क्रूच्या प्रमुखाला, सांगायला हवं होतं. बहुतेक पर्सर स्वतः येऊन बोलतात आणि आपल्या माणसाला आत नेऊन चांगलं झापतात. मी झापलंय, आणि झापून घेतलंयही. आता लिहायचं तर पीएनआर (तिकिटावरचा बुकिंग क्रमांक), तारीख, आसन क्रमांक, जेवणाआधी की नंतर, आणि त्याने उच्चारलेलं वाक्य जसंच्या तसं. ‘आमचा अपमान झाला’ एवढंच लिहिलंत तर छापील दिलगिरी येते. नाव आठवत नसलं तरी चालेल, त्या बाजूला कोण होतं ते त्यांना काढता येतं.

किती पेग, याचा आकडा तिकिटावर नसतो. क्रू ग्लास मोजत असतो, तोंडावर सांगत नाही इतकंच. केबिनमधला हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तसा ठेवतात. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. त्यात हवा कोरडी, झोप अपुरी, म्हणून घरी दोन पचवणारा माणूसही वर लवकर डुलायला लागतो. मग बर्फ वाढतो, व्हिस्की कमी होते, आणि शेवटी नम्रपणे नाही म्हटलं जातं. तसं म्हणायचा अधिकार क्रूला आहे. ड्यूटी फ्रीची स्वतःची बाटली तर उघडायचीच नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क-दिल्ली विमानात, तेही बिझनेस क्लासमध्येच, प्यायलेल्या प्रवाशाने सहप्रवासी महिलेच्या अंगावर लघवी केल्याचा आरोप झाला. त्यानंतर सगळ्यांचेच हात आखडले. २०१७ पासूनच्या नियमांनुसार शिवीगाळ केली तर ३ महिन्यांपर्यंत, अंगाला हात लावला तर ६ महिन्यांपर्यंत, आणि जिवाशी खेळ केला तर किमान २ वर्षं विमानबंदी होऊ शकते. तुमच्या एका व्हिस्कीचा याच्याशी काही संबंध नाही, पण स्टुअर्डच्या डोक्यात हे सगळं असतं.

प्रश्न : एवढे पैसे मोजून बिझनेस क्लासमध्येही चहा पाणचटच का?
– गृहिणी, सदाशिव पेठ

उत्तर : कारण तिथे चहा उकळत नाहीत, गरम पाण्यात पिशवी बुडवतात. शिवाय ८,००० फुटांच्या दाबाला पाण्याला ९२ अंशांच्या आसपासच उकळी फुटते, मग पत्तीचा रंग उतरतो पण कस उतरत नाही. दोन पिशव्या मागा, दूध वेगळं मागा, आणि कपावर बशी झाकून चार मिनिटं थांबा. कोपऱ्यावरच्या अमृततुल्याची सर येणार नाही. आलं किसून डबीत नेणाऱ्या एक बाई मला भेटल्या होत्या. मी त्यांना गरम पाणी तीनदा दिलं आणि चौथ्यांदा एक कप स्वतःसाठी मागून घेतला.

प्रश्न : पुणे-दिल्ली बिझनेस क्लासमध्ये बिअर मागितली तर ‘नॉट अव्हेलेबल’ म्हणाली. पैसे परत मागता येतील का?
– उद्योजक, बाणेर

उत्तर : देशांतर्गत विमानात दारू देतच नाहीत, वर्ग कोणताही असो. तिने मात्र ‘नॉट अव्हेलेबल’ न म्हणता हे सरळ सांगायला हवं होतं. तुम्हाला वाटलं असणार की संपली. परताव्याचा अर्ज करायचाच असेल तर करा. कारणाच्या रकान्यात काय लिहिलंत ते मला कळवा, गॅलीतल्या जुन्या मैत्रिणींना वाचून दाखवीन.