1850च्या आधीचा केंटकीतला शेतकरी पूर्वज कसा शोधायचा?

तुमच्या सुनेच्या माहेरचा मूळपुरुष अमेरिकेतल्या केंटकीत शेती करायचा, 1850च्या जनगणनेत तो सापडतो आणि त्यामागे त्याच्या घरच्यांचा पत्ताच लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. लागणार कसा? 1790 ते 1840च्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत, बाकीच्यांचे वयोगटांप्रमाणे नुसते आकडे. त्यात केंटकीच्या 1790 आणि 1800च्या याद्या गहाळ झाल्यात. माझं सासर तिथलंच, त्यामुळे ही अडचण चांगली ओळखीची आहे.

अशा वेळी माणसाआधी त्याच्या जमिनीचा माग काढावा. केंटकी 1792 साली राज्य झालं आणि तेव्हापासूनच्या करयाद्या पुष्कळ काउंट्यांच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) शिल्लक आहेत. त्यांत नाव, एकर, घोडे, आणि जमीन कोणत्या ओढ्याकाठी आहे तेसुद्धा. 16 ते 21 वयाचे आणि 21च्या वरचे गोरे पुरुष घरात किती, याचेही रकाने. एखादं साल बघून काही कळत नाही, ओळीनं दहा-पंधरा सालं वाचा. आधी 16 ते 21च्या रकान्यात एक आकडा वाढतो, मग काही वर्षांनी त्याच ओढ्यावर त्याच आडनावाचा नवा माणूस कर भरू लागतो. तो मुलगा असण्याची शक्यता बरीच, आणि जन्मसालाचा अंदाजही मिळतो. बापाच्या जागी बाईचं नाव आलं की त्या सुमाराचं मृत्युपत्र नि वारसांचे कागद काउंटी कोर्टात बघायचे.

खरेदीखतं आपल्याकडचे जुने फेरफार वाचतो तशी वाचा, शेजाऱ्यांच्या आणि साक्षीदारांच्या नावांसकट. ही मंडळी बहुधा व्हर्जिनिया किंवा नॉर्थ कॅरोलिनातून गोतावळ्यानं आली होती, त्यामुळे साक्षीदार हा मेहुणा निघणं अगदी नेहमीचं. आणि बायका! नवरा जमीन विकायचा तेव्हा बायकोला बाजूला घेऊन, त्याच्या माघारी, तिची संमती विचारत, कारण नवऱ्यामागे एक तृतीयांश जमिनीवर तिचा हयातीपुरता हक्क असे. तिचं नाव कित्येकदा फक्त याच नोंदीत मिळतं. वारसांनी मिळून जमीन विकली असेल तर लेकी-जावयांची नावं आयती एका कागदावर.

काउंटीचं मात्र सांभाळा. राज्य झालं तेव्हा 9 काउंट्या होत्या, आज 120 आहेत. शेत जागेवरच, पण काउंटी दोनदा-तीनदा बदललेली असू शकते. जुने कागद सहसा जुन्याच काउंटीत राहतात.

तो 1765च्या आधी जन्मला असेल तर क्रांतियुद्धाच्या, म्हणजे ब्रिटिशांविरुद्धच्या अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या, पेन्शनची फाइल आहे का ते सर्वांत आधी पाहा. 1832च्या कायद्यानं मिलिशियातल्या, म्हणजे गावोगावच्या हंगामी फौजेतल्या, साध्या शिपायांनाही पेन्शन दिली. म्हातारे कोर्टात उभे राहून जन्म कुठे झाला, कुठे राहिलो, कोणाच्या हाताखाली लढलो ते सांगत, कारकून लिहून घेई. लग्नाचा पुरावा म्हणून विधवांनी घरच्या बायबलमधली जन्मनोंदींची पानं फाडून जोडलेली आहेत. अशा सुमारे 80,000 फाइली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर फुकट खातं उघडलंत तर यातलं पुष्कळसं घरबसल्या दिसतं. तिथल्या लोकांनी चढवलेल्या तयार वंशावळींवर मात्र माझा काडीचा विश्वास नाही, एकानं लिहिलं ते पन्नास जणांनी उतरवलेलं असतं. 'आमची खापरपणजी चेरोकी राजकन्या' हेही ऐकाल. चेरोकी या तिथल्या मूळनिवासी जमातीत राजकन्या नव्हत्या.

एक गोष्ट सुनेच्या कानावर आधीच घाला. त्याच करयाद्यांत घोड्यांच्या शेजारी काळ्या गुलामांचा रकाना आहे, नावं नाहीत, फक्त संख्या. 1850 आणि 1860च्या गुलामांच्या याद्यांतही मालकाचं नाव, आणि गुलामांचं नुसतं वय नि लिंग-वर्ण. ज्यांचे पूर्वज त्या रकान्यात आहेत त्यांना पहिल्यांदा नावं सापडतात ती बहुधा गुलामगिरी संपल्यानंतरच्या 1870च्या जनगणनेत, आणि त्यामागे जायला मालकाचे कागद चाळावे लागतात. म्हणून तुम्हाला मृत्युपत्रात अशी नावं दिसली तर उतरवून ठेवा, कोणीतरी तीच शोधत असेल.

काउंटी कोणती ते कळवा, तिथले कागद कोणत्या सालापासून आहेत ते बघून सांगते.