डॉल्फ झिगलरचं डब्ल्यूडब्ल्यूईमधलं करियर यशस्वी म्हणायचं का?

डब्ल्यूडब्ल्यूई म्हणजे टीव्हीवर कुस्तीचे शो करणारी अमेरिकन कंपनी, आणि झिगलर तिथला रेसलर. माझं उत्तर सरळ हो आहे. तुम्ही लिहिलंय की इतकी वर्षं राहून तो कायम मिडकार्डमध्येच, म्हणजे मधल्या फळीतच अडकला, मोठ्या नावांकडून हरत राहिला आणि शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये बाकीच्यांबरोबर त्यालाही रिलीज केलं, म्हणजे कामावरून काढलं, मग यात यश कुठलं. तुमचं म्हणणं कळतं मला, पण यात मोजायची पट्टीच चुकतेय असं मला वाटतं.

आधी बेल्टचं, म्हणजे चॅम्पियनशिपचं बोलून घेऊ कारण त्यावरच सगळे भांडतात. इंटरकॉन्टिनेंटल सहा वेळा, यूएस दोन वेळा (ही दोन्ही मधल्या दर्जाची टायटल्स), टॅग म्हणजे टीमची टायटल्स वेगवेगळ्या पार्टनरबरोबर, २०१२ ची मनी इन द बँक ब्रीफकेस (हवं तेव्हा चॅम्पियनला आव्हान द्यायचा हक्क), वर्ल्ड हेवीवेट हे मोठं टायटल दोन वेळा आणि २०२२ मध्ये एनएक्सटी या नव्या रेसलर्सच्या शोची चॅम्पियनशिप. त्या दोनपैकी पहिला वर्ल्ड टायटल फेब्रुवारी २०११ मध्ये शोची बॉस असलेल्या विकी गरेरोने त्याला नुसता हातात दिला आणि एज या रेसलरने त्याच रात्री काढूनही घेतला, त्यामुळे तो मी धरत नाही. तरी उरलेलं कमी नाहीये. मोठमोठे जिममधले पैलवान यायचे आणि दोन वर्षात दिसेनासे व्हायचे त्या कंपनीत हा माणूस २००४ पासून २०२३ पर्यंत टिकला.

आता हरण्याचं. आपल्याकडच्या कुस्तीत पाठ टेकली की टेकली, तिथे वाद नाही. झिगलर स्वतः तशा खऱ्या कुस्तीतूनच आलाय, ओहायोच्या केंट स्टेट युनिव्हर्सिटीकडून लढायचा. पण डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये कोण जिंकणार हे ऑफिसात ठरतं, त्यामुळे तो किती वेळा हरला हे मोजून तुम्हाला फक्त ऑफिसचं मत कळेल, त्याची लायकी नाही. रेसलरच्या हातात काय असतं तर समोरच्याचा मार बघून लोकांना "अरे मेला हा" असं वाटलं पाहिजे, आणि त्या कामात झिगलरइतका चांगला माणूस त्याच्या पिढीत मला तरी दुसरा दिसत नाही. निळू फुले समोर असले की हिरोचा राग लोकांना आपला वाटायचा ना, तसं झिगलर समोर असला की कुणाचीही फिनिशर, म्हणजे मॅच संपवणारा डाव, खतरनाक वाटायची.

याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे समरस्लॅम २०१९ हा मोठा शो. त्याच्या आधी जूनमध्ये सौदीत गोल्डबर्ग आणि अंडरटेकर या जुन्या स्टार्सची मॅच झाली होती, ती इतकी वाईट की दोघांसाठीही धोक्याची वाटत होती बघताना. गोल्डबर्गचं नाव परत वर आणायला कंपनीने कुणाला उभं केलं तर झिगलरला. मॅच दोन मिनिटंही नाही चालली, पण तो स्पिअर (धावत येऊन खांद्याने मारलेली धडक) खाऊन ज्या पद्धतीने हवेत फिरून आपटला ते बघा, आणि मॅच संपल्यावर पण हा आडवा पडून गोल्डबर्गला डिवचतोय, म्हणून तो परत येऊन परत स्पिअर मारतोय. टोरोंटोचं पब्लिक वेडं झालं होतं. ज्याच्यावर भरवसा नाही त्याला असलं काम देत नाहीत हो. त्याच वर्षी कोफी किंग्स्टन नवा चॅम्पियन झाला तेव्हाही त्याच्यासमोर झिगलर, २०२० मध्ये ड्रू मॅकइंटायर चॅम्पियन होता तेव्हाही झिगलर.

पण नुसता पडणारा माणूस म्हणून त्याला बाजूला ठेवणंही बरोबर नाही. ८ एप्रिल २०१३, रेसलमेनिया २९ या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोच्या दुसऱ्या दिवशीचा रॉ, म्हणजे दर सोमवारचा टीव्ही शो. अल्बर्टो डेल रियो चॅम्पियन, मॅच होऊन पायाला लागलेलं, आणि झिगलरचं म्युझिक वाजतं. मी आजवर टीव्हीवर जेवढे आवाज ऐकलेत त्यात तो आवाज वेगळाच आहे, कारण झिगलर तेव्हा हील होता, म्हणजे लोकांनी शिव्या घालायच्या असा रोल, आणि अख्खं एरीना त्याच्यासाठी उभं. आणि मला आवडतं ते हे की कॅश इन, म्हणजे ब्रीफकेस वापरून घेतलेली मॅच, झटक्यात उरकलं नाही, डेल रियोने आर्मब्रेकर (हात पिळणारा डाव) लावला, दोन क्षण वाटलं गेली ब्रीफकेस, मग झिगलरने दुखऱ्या पायावर हल्ला करून सुटका केली आणि झिग झॅग, त्याची फिनिशर. हा आवाज कुठल्याही ऑफिसात ठरवून काढता येत नाही, तो त्याने आधीच्या दोन-तीन वर्षात मॅच करून करून कमावला होता.

आणि मग मे महिन्यात डोक्याला मार लागला, कन्कशन. काही आठवडे बाहेर. १६ जूनला पेबॅक या शोमध्ये परत आला आणि बेल्ट डेल रियोकडे गेला. फक्त ६९ दिवस. त्या मॅचमध्ये सुद्धा डेल रियो सारखा डोक्यावरच लाथा घालतोय आणि पब्लिक हळूहळू पूर्ण झिगलरकडे वळतंय, एकाच मॅचमध्ये दोघांचे रोल उलटे झाले, हे फार कमी लोकांना जमतं. तिथून त्याला वर न्यायला हवा होता. नेला नाही, आणि ही चूक मी शंभर टक्के कंपनीची मानतो.

परत तेच २०१४ मध्ये. सर्व्हायव्हर सिरीज या शोला जॉन सीनाच्या टीममधून हा एकटा शिल्लक, समोर ऑथॉरिटीचा (कथेतल्या खलनायक बॉस लोकांचा गट) रोलिन्स, मध्ये पडणारा त्यांचा बॉस ट्रिपल एच, मग स्टिंग हा जुना स्टार डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये पहिल्यांदा आला, आणि झिगलरने रोलिन्सला पिन करून, म्हणजे पाठ टेकवून, ऑथॉरिटीला हटवलं. वर्ष संपायच्या आत ऑथॉरिटी परत, आणि झिगलर होता तिथेच.

तुमच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य करतो. २०१७ नंतरचा बराच काळ बघायला कंटाळवाणा होता. डिसेंबर २०१७ मध्ये यूएस टायटल जिंकून तो बेल्ट रिंगमध्ये ठेवून निघून गेला, वाटलं आता काहीतरी भारी होणार, आणि त्यातून काही म्हणजे काहीच निघालं नाही. २०१८ मध्ये रोलिन्सबरोबर आयर्नमॅन मॅच (ठरलेल्या वेळात जास्त वेळा जिंकेल तो विजेता) थेट मेन इव्हेंटला, म्हणजे शोची मुख्य मॅच म्हणून मिळाली तर पब्लिक मॅच सोडून घड्याळाबरोबर काउंटडाऊन ओरडत बसलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. रेसलमेनियाला त्याच्या नावावर लक्षात राहील अशी एक सिंगल्स मॅच नाही, हे खरंच खुपतं. एवढ्यावरून कुणी त्याला ऑल टाइम टॉपमध्ये धरणार नसेल तर मी भांडणार नाही. पण अयशस्वी? नाही.

शिवाय रिलीज झाल्यावर संपला असं जे चित्र आहे तेही बरोबर नाही. स्वतःच्या खऱ्या नावाने, निक नेमेथ म्हणून, तो जपानमध्ये न्यू जपान या कुस्ती कंपनीत गेला, तिथे टायटल जिंकला, आणि जुलै २०२४ मध्ये माँट्रियलला टीएनए या दुसऱ्या अमेरिकन कुस्ती कंपनीचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, बेल्ट जानेवारी २०२५ पर्यंत त्याच्याकडे होता.

त्याचं काम फारसं बघितलं नसेल तर नो मर्सी २०१६ या शोमधली मिझ या रेसलरबरोबरची मॅच बघा. झिगलर हरला तर रिटायर, जिंकला तर इंटरकॉन्टिनेंटल टायटल. मिझने त्यात स्पिरिट स्क्वॉडमधले केनी आणि मायकी पण आणले होते. २००६ मध्ये झिगलर त्याच चिअरलीडर ग्रुपमध्ये निकी म्हणून होता आणि डीएक्स या गटाने त्या सगळ्यांना खोक्यात घालून लुईव्हिलला, म्हणजे नवे रेसलर शिकायचे तिथे, परत पाठवलं होतं, एवढं माहीत असलं की मॅच अजून चढते. मात्र ती पूर्ण बघा, हायलाइट्स नको, कारण मिझचा प्रत्येक निअर फॉल (जवळजवळ मॅच जिंकून देणारा पिन) झिगलर कसा शेवटच्या क्षणाला सोडवतो ते हायलाइट्समध्ये कापलेलं असतं.